भोंग्याचं तोंड

विद्यार्थिनी वसतिगृह, खोली ३१४
१२ सप्टेंबर

ती. बाबांस,
भोंग्याचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. खोली तीच मिळाली, सोबतीणही तीच, दातांची डॉक्टर होणारी. ती अजून तशीच आहे, समोरचा माणूस हसला की आधी त्याच्या दाढा मोजते.

मी नेमकी कसली धडपड करतेय हे तुम्ही बस सुटता सुटता विचारलंत. मी खिडकीतून तोंड फाडून सांगितलं. अख्ख्या बसला कळलं, फक्त तुम्हाला कळायच्या आत बस वळली. तर ऐका. एका कंपनीला दुसरी कंपनी विकत घ्यायची असते. तिची किंमत काय, पैसा कुठून उभा करायचा, हे मांडून देणाऱ्या या इन्व्हेस्टमेंट बँका. त्या उन्हाळ्यात दहा आठवडे विद्यार्थ्यांना कामाला घेतात, त्याला इंटर्नशिप म्हणतात. त्यात जे टिकतात त्यांनाच पुढे नोकरी. आणि घेतात ते फक्त आमच्याच वर्षाच्या मुलांना. हे वर्ष गेलं की दार बंद. फेब्रुवारीपर्यंत काय ते व्हायला हवं.

आतापर्यंत तेवीस अर्ज केले, नऊ नकार आले. दोन बँकांनी कॉम्प्युटरसमोर बसवून मुलाखत घेतली. समोर माणूसच नाही हो! पडद्यावर प्रश्न उमटतो, दीड मिनिटात कॅमेऱ्याकडे बघून उत्तर द्यायचं. एकीचा नकार दोन तासांत आला. माझं तोंड कुणी बघितलं तरी का, देव जाणे.

आईला फोनवर हे सांगितलेलं नाही, ती काळजी करत बसते. म्हणून कागदावर तुम्हाला लिहिते, नेहमीसारखं. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत वाचालच, चार वेळा.

तुमची माया अशीच राहू द्या.
तुमची,
भोंगा

---

१९ सप्टेंबर

चि. भोंगा हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. चार नाही, पाच वेळा वाचलं. म्हणजे तू दलाल होणार, असंच ना? घरांचा दलाल असतो, तसा कंपन्यांचा. रागावू नकोस, थट्टा करतोय. कारखान्यात आमच्या मिस्त्रींना सांगितलं, तर त्यांनी विचारलं की आपल्या कारखान्याची काय किंमत लावशील. मी म्हटलं, पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या सहा प्रेस, त्यातल्या दोन खोकणाऱ्या, आणि एक बहिरा. यातलं फुकट काय जाईल ते तुम्हीच ठरवा.

कॅमेऱ्यासमोर बोलायचं तर तू सगळ्यांच्या पुढे असायला हवीस. तुझ्याइतकं स्वच्छ बोलणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही. प्रेसच्या आवाजाने माझे कान गेले तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. तुझी आई पाटीवर लिहून दाखवायची, आणि तू मात्र पाटी ढकलून माझ्यासमोर उभी राहायचीस, तीन हातांवर, उजेडाकडे तोंड करून. एकेक शब्द ओठांवर असा ठेवायचीस की आंधळ्यालाही दिसावा. शेजारी कान झाकायचे. भोंगा हे नाव त्यांनीच ठेवलं, मी फक्त उचललं. तुझ्यामुळे मी पंधरा वर्षं माणसांत आहे.

तेव्हा माझं ऐक. बँकवाले असोत नाहीतर राजे, माझ्याशी बोलतेस तसंच बोल. तोंड पूर्ण उघडायचं, सावकाश, हाताची जोड द्यायची. कुणाला कळलं नाही असं होणारच नाही.

तब्येत सांभाळ. पत्राला उशीर झाला तरी चालेल, पण पत्र यायला हवं.
तुझा,
बाबा

---

८ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

अर्ज एकसष्ट, नकार चव्वेचाळीस. बाकीचे उत्तरसुद्धा देत नाहीत, त्यांचा मला जास्त राग येतो. वर्गातल्या काही जणांचे काका-मामा त्या बँकांत आहेत, त्यांना फोन जातात. माझ्या ओळखीत मिस्त्री आहेत. मिस्त्रींचा अपमान नाही करत हं.

पण एक खबर आहे. एका बँकेने प्रत्यक्ष बोलावलंय, तेवीस तारखेला. समोरासमोर, खऱ्या माणसांपुढे! किंमत काढायच्या तिन्ही पद्धती मी उताणी पडून छताला सांगू शकते. सोबतिणीसमोर एकदा सगळं म्हणून दाखवलं. तिचं मत असं की उत्तरं बरोबर आहेत, पण बोलताना माझी शेवटची दाढसुद्धा दिसते आणि मी जणू रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलतेय. मी म्हटलं, आमच्या घरी असंच बोलतात.

तुम्ही सांगितलंय तसंच करणार आहे. तोंड पूर्ण उघडून, सावकाश.

आठवण काढत राहा.
तुमची,
भोंगा

---

२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
नमस्कार.

नाही झालं. आठवडाभर लिहिलं नाही कारण हात उठत नव्हता.

एकही उत्तर चुकलं नाही. समोर तिघं होते. मी प्रत्येकाकडे तोंड वळवून, एकेक शब्द सुटा करून, हात करून सांगितलं. त्यांतला एक मध्येच हसला. मला वाटलं, आवडलं. काल आमच्या करिअर कक्षातल्या बाईंनी मला दार लावून सांगितलं की बँकेने काय कळवलंय. माहिती उत्तम. पण ही मुलगी समोरचा मतिमंद असल्यासारखी बोलते, हात नाचवते, हिला ग्राहकासमोर बसवता येणार नाही. बाईंनी माझी कॅमेऱ्यावरची जुनी मुलाखत लावून दाखवली. बाबा, मला स्वतःला बघवेना. खरंच तशी दिसते मी. कॅमेऱ्यापुढे जिथे जिथे बसले तिथे हेच तोंड गेलं असेल, आणि मी आपली आकडेमोड सुधारत बसले होते.

तुम्ही सांगितलंत तसंच बोल, आणि मी बोलले. तुम्हाला काय माहीत होतं त्या खोल्यांतलं? काही नाही. तुमच्यासाठी मी पाच वर्षांची असताना हे तोंड केलं आणि ते आता माझ्या चेहऱ्यावर चिकटून बसलंय. इतर मुलं लहानपणी नुसतं बोलायला शिकतात. मी तुमचे कान व्हायला शिकले. त्याची किंमत मी भरतेय, तुम्ही नाही.

हे पाकीट बंद करून टाकतेय, नाहीतर फाडीन.
भोंगा

---

९ नोव्हेंबर

चि. भोंगा हिस,
अ. उ. आ.

पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं, एकदाच. डबा तसाच घरी आणला. तुझी आई त्यावरून बरंच बोलली असावी, मला कुठे ऐकू येतंय.

तू लिहिलंस ते खरं आहे. त्या खोल्यांतलं मला काही माहीत नाही, आणि मी मोठ्या तोऱ्यात सल्ला देऊन बसलो. चूक माझी. मी त्या बाईंना भेटून सांगू का, असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, बहिरा बाप जाऊन उभा राहिला तर पोरीचं आणखी हसं व्हायचं.

ते तोंड माझ्यासाठी केलेलं होतं ना? मग मीच सांगतो, टाकून दे. साचा बिघडला की आम्ही पत्र्यावर चिडत नाही, साचा उतरवतो आणि दुसरा चढवतो. तूही चढव. लहान तोंडाने बोल, भरभर बोल, बँकवाले बोलतात तसं बोल. माझी चिंता नको. पंधरा वर्षं तुझा चेहरा वाचतोय, ओठ जरा कमी हलले म्हणून काय अडणार आहे? मला कळेल.

रागाने लिहिलंस तरी लिहिलंस हे बरं केलंस. लिहायचं थांबू नकोस एवढंच मागणं.
तुझा,
बाबा

---

१४ डिसेंबर

ती. बाबांस,
भोंग्याचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उशीखाली ठेवलंय. माझं ते पत्र मात्र जाळून टाका. मी तसं लिहायला नको होतं. लाज वाटते.

तुम्ही म्हणालात तसा साचा बदलायला घेतलाय. सोबतीण रोज अर्धा तास माझ्या दातांत ती दवाखान्यातली सपाट लाकडी काडी देते आणि वर्तमानपत्र वाचायला लावते. काडी पडता कामा नये, म्हणजे जबडा उघडतच नाही. हात मांडीखाली घालून बसायचं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडं हसायचं, बातमी काहीही असो. करिअर कक्षातल्या बाई म्हणाल्या की वाईट आकडासुद्धा छान चेहऱ्याने सांगता आला पाहिजे. पहिले आठ दिवस जबडा ठणकत होता. आता खानावळीतसुद्धा मी ओठातल्या ओठात बोलते आणि वाढणारे दोनदा विचारतात.

आणि फरक पडला हो! कॅमेऱ्यापुढच्या एका मुलाखतीत पास झाले, मग फोनवरच्या. आता एकच बँक उरलीय, बाकी सगळ्यांच्या जागा भरल्या. त्यांची शेवटची फेरी अकरा फेब्रुवारीला, एकाच दिवसात पाच मुलाखती. जागा चार, बोलावलेले अकरा. एकशे अठरा अर्जांतून हा एक जिवंत आहे.

जानेवारीत चार दिवस घरी येते. तेव्हा सगळं बोलू.
तुमची,
भोंगा

---

१७ जानेवारी

चि. भोंगा हिस,
अ. उ. आ.

तू गेलीस आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. चार दिवस कसे गेले कळलं नाही. किती बोललीस! मी सगळं लक्षात ठेवलंय. तुझं बोलणं आता अगदी मोठ्या माणसांसारखं झालंय, चेहरा शांत, हात जागच्या जागी. तुझ्या आईला मी म्हटलं, बघ, आपली पोरगी बँकेत लागल्यासारखीच दिसते.

तुझ्या सोबतिणीला तिकडे मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली हे ऐकून आनंद झाला. माझा निरोप सांग. आणि तू कानाच्या डॉक्टरांबद्दल म्हणालीस ते माझ्या ध्यानात आहे, जाईन सवडीने.

अकराला पाच जण असले काय आणि पन्नास असले काय, तू घाबरू नकोस. निकाल लागला की व्हिडिओ कॉल करून फोनवर तोंड दाखव. पत्राची वाट बघायला मला धीर नाही. तुझी आई तेव्हा मावशीकडे असेल, मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. फोन मी हातात घेऊनच बसेन.

इकडची काळजी नको.
तुझा,
बाबा

---

२३ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. अहो, सोबतिणीला नोकरी नाही लागली, तिचे वडील दवाखान्यात आहेत असं मी सांगत होते! तुमचं लक्ष आईच्या हातातल्या ताटाकडे असणार. आणि मी कानाच्या डॉक्टरांचं नाही, तुमच्या रक्तदाबाचं बोलत होते. असो, दोन्हीकडे जा.

रोज सोळा पानं पाठ करते. झोप कमी आहे, पण ठीक आहे. अकराला संध्याकाळी फोन करते.

आशीर्वाद असू द्या.
तुमची,
भोंगा

---

१२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
भोंग्याचा सा. न. वि. वि.

काल तुम्ही फोनवर ज्या धीराने ऐकलंत त्याला तोड नाही. मी ठरवलं होतं की रडायचं नाही. शिकवलंय तसंच सांगितलं, एका दमात, हसऱ्या चेहऱ्याने, की नाही घेतलं, सगळं संपलं, बाबा. आणि तुम्हीही हसलात, मान हलवलीत, अंगठा दाखवलात. मला वाटलं होतं तुमचा चेहरा पडेल. तुम्ही तर मलाच सावरायला लागलात. फोन ठेवला आणि मग भरपूर रडले.

नकाराचं कारण त्यांनी संध्याकाळीच सांगितलं. तयारी चांगली, पण सगळं पाठ केल्यासारखं वाटतं, पाचही जणांना ही मुलगी नेमकी कोण ते दिसलं नाही. आधी मी जास्त दिसत होते, आता दिसतच नाही. सोबतिणीला सांगितलं तर तिने काडी मोडून टोपलीत टाकली.

पुढच्या वर्षी माझा अर्ज कुणी घेणार नाही. आता काय करायचं ते मला माहीत नाही, आणि दोन दिवस कुणाशी बोलायचंही नाही. फोन बंद ठेवतेय. आईला तुम्हीच सांगा, माझ्याने होणार नाही.

तुम्ही आहात म्हणून धीर आहे.
तुमची,
भोंगा

---

१२ फेब्रुवारी

माझ्या वाघिणी,
अ. उ. आ. आणि आज आणखी जितके मावतील तितके!

जिंकलीस गं पोरी! काल फोनवर तुझं ते हसू बघितलं आणि पुढचं काही बघायची गरजच राहिली नाही. तू काहीतरी आणखी सांगत होतीस, पगाराचं असेल नाहीतर तारखेचं, पण मला दम कुठला. फोन ठेवला तो तडक बाहेर पडलो, चपला घालायच्या राहिल्या.

आज सकाळी कारखान्यात सगळ्या प्रेस थांबवायला लावल्या. मिस्त्रींनी पंधरा वर्षांत माझ्यासाठी प्रेस थांबवली नव्हती. मी बाकावर चढून सांगितलं की माझी पोरगी इन्व्हेस्टमेंट बँकेत लागली, एकशे अठरा अर्जांतून. सगळ्यांनी डब्यांची झाकणं बाकावर आपटली. मला ऐकू आलं नाही, पण तळपायांना कळलं. सगळ्यांना चहा माझ्याकडून. तुझ्या आईला मेसेज केला, तर ती तुला फोन लावतेय आणि तुझा फोन बंद. असणारच, आता तुला किती जणांचे फोन!

एक गोष्ट सांगतो, आज सांगायला हरकत नाही. नोव्हेंबरातलं तुझं पत्र मला लागलं होतं. फार लागलं होतं. आज ते सगळं फिटलं. ते तोंड टाकायला सांगितलं, त्याचं सार्थक झालं.

आता मोठी झालीस तरी पत्र लिहीत जा.
तुझा फार फार आनंदी,
बाबा

---

१७ फेब्रुवारी

चि. भोंगा हिस,
अ. उ. आ.

तुझं बारा तारखेचं पत्र आज मिळालं. माझं त्याच तारखेचं एव्हाना तुला पोचलं असेल. ते परत मागवता आलं असतं तर पोस्टात जाऊन पाया पडलो असतो. आपल्या पोरीला बाप वाघीण म्हणतोय आणि ती तिकडे एकटी रडतेय. मला माफ कर.

मला फोनवर एक शब्द कळला नाही. आणि आता सगळंच सांगतो. जानेवारीत चार दिवस तू बोलत होतीस आणि मी मान हलवत होतो. दहातला एखादा शब्द लागायचा, बाकी मी मनाने भरायचो. कारखान्यात लागलेली खोड आहे ही. मिस्त्री काही म्हणाले आणि कळलं नाही तर एकदा काय विचारता येतं, दोनदा येतं. तिसऱ्यांदा माणूस हात झटकतो आणि राहू दे म्हणून निघून जातो. तू हात झटकून जाशील याची मला भीती वाटली. आणि तुला परत सांगायला लावलं असतं तर तू मोठं तोंड करून सांगितलं असतंस. तुझी दोन महिन्यांची मेहनत माझ्यासाठी मोडली असती. शेवटी मी राखली ती मेहनत तरी काय कामाला आली?

आज चहाच्या सुट्टीत परत बाकावर चढलो आणि सांगितलं की नाही मिळाली, माझी समजूत चुकली. किती मोठ्याने बोललो ते मला सांगता येत नाही. कुणी झाकणं वाजवली नाहीत. मिस्त्रींनी पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काहीतरी बोलले. मी मान हलवली.

तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती मावशीकडून आजच आली आहे. ती माझ्यावर नाही, स्वतःवर चिडली, की घरात राहून मला काय कळतं आणि काय नाही हे तिला दिसलं नाही.

घरी ये. नोकरीचं नंतर बघू.
तुझा,
बाबा

---

२२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. वाघिणीचं आधी आलं. ते जिन्यात उभ्या उभ्या वाचलं आणि मला तुमचा संताप आला, इतका की कागद चुरगळला. मग कळलं की तुम्हाला कळलेलंच नाही, आणि जिन्यातच बसले. दुसरं पत्र येईपर्यंत पाच दिवस मी तुम्हाला काय लिहू हेच सुचत नव्हतं, म्हणून फोनही बंदच ठेवला. तुम्ही बाकावर चढलात ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दोन्ही वेळचं.

जानेवारीत मी तुमच्या समोर बसून चार दिवस भिंतीशी बोलले, आणि माझ्या लक्षात आलं नाही. मी, तुमचा भोंगा! तुमची उत्तरं चुकत होती, मी ती पत्रात दुरुस्त केली आणि पुढे गेले. नोव्हेंबरात लिहिलं होतं की मी तुमचे कान झाले. ते कान मी बँकेच्या दारात काढून ठेवले, आणि बँकेने दारही उघडलं नाही.

मोठं तोंड परत येतं का ते आरशासमोर बघतेय. सोबतीण समोर कान झाकून बसते आणि मी काय बोलले ते ओळखते. काल वीस वाक्यांतली सहा ओळखली. पाच मिनिटं जमतं, मग ओठ आपोआप मिटतात आणि ते नको असलेलं हसू येतं. ही आमची दातांची डॉक्टरीण म्हणते, वेळ लागेल. कदाचित पूर्वीइतकं येणारही नाही. हे तुमच्यापासून लपवत नाही.

नोकरीचं खरंच काही नाही. करिअर कक्षातल्या बाई आता माझ्याशी फार प्रेमाने बोलतात, त्यावरून काय ते समजा. परीक्षा झाली की दहा मार्चला घरी येते, दुपारच्या बसने. तुम्ही स्टँडवर या. गर्दीत नाही, बाहेरच्या बाकाजवळ, तिथे ऊन असतं. मी तीन हातांवर उभी राहीन आणि एक वाक्य सांगेन. समजलं नाही तर मान हलवू नका. मला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नको. काय म्हणा. दहादा म्हणा. मी हात झटकून जाणार नाही. बस सुटणार नाही आणि मला कुठे जायचंही नाही.

आईला सांगा, पाटी फेकू नकोस. लागेल.

तुमची,
भोंगा

ता. क. या पत्राला उत्तर म्हणून नुसतं कळलं असं लिहू नका. काय कळलं ते लिहा.